पाचांतले तीन

वऱ्हाडातल्या मालेगावच्या बसस्थानकावर, वाशिमची गाडी लागायच्या आधीच्या त्या रिकाम्या पंधरा मिनिटांत, माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "सरक ना बे थोडा." एवढंच. शब्द बहुधा माझ्यासाठी नव्हतेही. पण आधी वळली ती मानेमागची त्वचा, मग खांदे, आणि सर्वांत शेवटी, उशिरा पोहोचलेल्या पाहुण्यासारखा, मी. मागे रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर एक म्हातारा बसला होता. तळहातावर तंबाखू, खालचा ओठ पुढे आलेला, डोळ्यांत कोणाचीच ओळख नाही. क्षणभर तो माझ्या बाबांचा आवाज होता. मी पाहतच राहिलो, तसा तो म्हणाला, "काय पाह्यतं? चुना पायजे का?" हा दुसरा आवाज मात्र कोणाचाच नव्हता. आणि तिथे, डिझेलच्या वासात, उसाच्या चिपाडांवर घोंगावणाऱ्या माशांमध्ये उभा असताना, मला कळलं की मी पडताळून पाहू शकत नाही. तराजूच्या एका पारड्यात त्या म्हाताऱ्याचे चार शब्द होते. दुसरं पारडं रिकामं होतं. बाबांची वाक्यं मला आठवत होती, त्यांच्या शिव्या, बोलता बोलता मध्येच थांबून आभाळाकडे पाहण्याची लकबही. पण ते सारं माझ्याच आवाजात. डोक्यातल्या डोक्यात मीच बाबांची नक्कल करत आलो होतो आणि तिलाच स्मरण समजत होतो. कधीपासून, ते ठाऊक नाही. वाशिमची गाडी लागली, भरली, गेली. कॉलेजचे कागद तिथे पोहोचवायचे होते. ते पिशवीतच राहिले. मी रस्ता ओलांडला आणि शेलूबाजारच्या जीपमध्ये चढलो. पिशवीत लॅपटॉप होता, आणि लॅपटॉपमध्ये, पाच चिठ्ठ्यांच्या कुलपाआड, अकरा तासांचा आवाज होता.

माझे बाबा, शालिग्राम, शेलूबाजाराच्या हमरस्त्याला लागून असलेल्या तीन एकरांत भाजीपाला पिकवत. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी त्यांची आरोळी रस्त्यापलीकडच्या जीपवाल्यांना ऐकू जाई. त्यांच्या हाकेवरून लोक त्यांचं दुकान शोधत, पाटी कधी लावावी लागली नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही जाईल, तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो डॉक्टरांना नव्हे, मला: "मंग बाजारात कोन बोंबलीन बे? तू?" शस्त्रक्रियेच्या आधीचे सहा दिवस मी मोबाइल त्यांच्यासमोर ठेवून बसलो. ते बोलले. काय बोलले? विहीर खोदताना लागलेल्या काळ्या दगडाविषयी, एका बैलाविषयी, माझ्या आजीच्या रागाविषयी, मग काही काळ नुसतंच खोकणं, आणि "लावून ठेवलं का अजून? बंद कर ना, कायले ऐकतं?" अकरा तास. त्यानंतर आठ महिने ते पाटीवर लिहीत, टाळी वाजवून हाक मारत, आणि एका पहाटे त्यांनी टाळीही वाजवली नाही. त्याला सव्वा वर्ष झालं. या सव्वा वर्षात तो आवाज मी एकदाही उघडला नव्हता. तो आहे, एवढं पुरत होतं. घरात विहीर असलेला माणूस सारखा काठाशी जाऊन पाणी पाहत नाही.

जीप भरधाव होती आणि बाहेर सोयाबीन काढलेली रानं, कापल्या केसांसारखी, मागे पळत होती. सोयाबीन पाहिलं की मला आन्सेल्मो आठवतो. आन्सेल्मो ब्राझीलचा, पराना प्रांतातला. त्याच्या खिडकीतूनही, त्याने एकदा लिहिलं होतं, क्षितिजापर्यंत हेच पीक दिसतं. बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले होते, "त्याले लिह्य ना, थोडं कमी पेर म्हना. इथी भाव पडते." मी खरंच लिहिलं. तो आठवडाभर हसत होता, असं त्याने कळवलं. सात वर्षांची आमची मैत्री. दोघांचीही नसलेल्या इंग्रजीत, निव्वळ लिहून. त्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. फोन तो करत नसे, "आवाज ही किल्ली आहे," तो लिही, "आणि किल्ली कोणी चारचौघांत फिरवत नाही." पन्नाशीचा, एकटा, आयुष्यभर यंत्रांची निगा राखलेला हा माणूस कुलपांविषयी असा लिही की जणू ती कविताच. जी प्रणाली उघडून आत पाहता येत नाही, ती म्हणजे घरात झोपलेला अनोळखी माणूस, असं तो म्हणे. विश्वास ही भावना नसून गणित आहे, असंही. आमच्या कॉलेजच्या कचेरीत सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे आणि तो संगणकालाच चिकटवलेल्या कागदावर लिहिला आहे, हे मी सांगितलं तेव्हा त्याने त्या कागदाचं छायाचित्र मागवलं, पासवर्ड झाकून, आणि स्वतःच्या टेबलासमोर लावलं. "तुम्ही लोक अजब आहात," त्याने लिहिलं. "भेटल्यावर एकमेकांना हातही लावत नाही, आणि दाराला कडीही लावत नाही. आम्ही पहिल्याच भेटीत गालाला गाल लावतो, आणि आमच्या इमारतीला तीन फाटकं आहेत." मला तेव्हा आपल्या उघड्या दारांचा अभिमान वाटला होता. अभिमान वाटण्यासाठी माणसाला किती थोडं पुरतं.

त्याने एक प्रणाली लिहिली होती, तिचं मराठी मी केलं. तिजोरी, असं नाव दिलं. आत काहीही ठेवावं. कुलपाची किल्ली पाच तुकड्यांत वाटली जाते, नऊ नऊ शब्दांच्या पाच चिठ्ठ्या, आणि पाचांतल्या कोणत्याही तीन एकत्र आल्या की तिजोरी उघडते. ते शब्द निवडण्यात मी एक पावसाळा घालवला होता. वखर, उंबर, रेशीम, ताक. दोन चिठ्ठ्या भरल्यावर पडद्यावर जे वाक्य उमटतं, ते मूळ इंग्रजीत रुक्ष होतं: आणखी एक तुकडा आवश्यक. मी लिहिलं: 'अजून एक माणूस हवा.' आन्सेल्मोला मी याचा अर्थ समजावून सांगितला, तेव्हा त्याने पोर्तुगीज वाक्यही बदलून तसंच केलं. माझ्या आयुष्यात जगाने माझी घेतलेली दखल म्हणायची तर ही एवढीच. मग बाबांची शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच सुमारास आमच्या कचेरीतल्या बाबूसिंगला एक फोन आला: नाशिकला शिकणारा त्याचा मुलगा रडत होता, मला सोडवा म्हणत होता. आवाज मुलाचा होता. मुलगा त्या वेळी वसतिगृहात जेवत होता. यंत्राने घडवलेला तो हुंदका बाबूसिंगने खरा मानला याचं मला नवल वाटलं नाही. बाप आवाज तपासत नाही. मी आन्सेल्मोला लिहिलं. त्याचं उत्तर धारदार होतं: "तुझ्या वडिलांचे अकरा तास उघड्यावर आहेत. एवढ्यातून कोणीही त्यांच्याकडून काहीही वदवून घेईल. कुलपात टाक. बाकी सर्व प्रती पुसून टाक. चिठ्ठ्यांचं छायाचित्र काढू नको, नक्कल करू नको, तीन चिठ्ठ्या एका हाती ठेवू नको." मी तसंच केलं. अक्षरशः तसंच. ज्याच्या गळ्यातला आवाज कापून नेला, त्याच्या आवाजाची मी इतकी काळजी घेतली. पाच माणसं कोणती? बाबा, माय, थोरला भाऊ हरीओम, आत्या रंगूबाई, मी. आन्सेल्मो अस्वस्थ झाला. "पाचही एकाच घरात? एक आग लागली की संपलं. माझे पाचजण पाच वेगवेगळ्या देशांत आहेत." त्याच्या पाचांतला एक मी होतो. मी लिहिलं, आमच्याकडे घर इतक्या सहज जळत नाही. चिठ्ठ्या प्लास्टिकमध्ये मढवून मी वाटल्या, तेव्हा बाबांनी आपली चिठ्ठी मान हलवत वाचली आणि पाटीवर लिहिलं: 'हा कोन्ता मंत्र? यात ताक काहून आलं?' आत्या हसली नाही. तिने आपली चिठ्ठी कपाळाला लावली आणि पानाच्या बटव्यात ठेवली. तिथेच मला दिसायला हवं होतं.

घरी पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ओसरीवर आत्या सांबाराच्या जुड्या बांधत होती. पाण्याने गारठलेल्या बोटांना हिरवा वास. माय बाजूला बसून देठ खुडत होती.

"आला का मास्तर?" आत्या म्हणाली. मी मास्तर नाही, कचेरीत असतो, हे तिला वीस वर्षांत कोणी पटवू शकलं नाही. "आज ना सन ना वार. नोकरीवरून काढलं का काय?"

"आत्या, तुयी चिठ्ठी दे बरं. नऊ शब्दाची. बटव्यात ठेवत होती तू."

जुडीची गाठ अर्धवट राहिली. तिने मायकडे पाहिलं, मायने देठांकडे.

"ते तं गेली," आत्या म्हणाली.

"गेली म्हंजे? हरपली?"

"हरपीन कायले? ज्याची होती त्याच्यापाशी गेली."

आणि मग ते सगळं, तुकड्या तुकड्यांनी, दोघींच्या तोंडून, एकीने सोडलेलं वाक्य दुसरीने उचलत, माझ्यासमोर आलं; तेही असं की त्यात नवीन काही नाही, मी तिथेच होतो. मी होतोच. बाबांचा दहावा. नदीकाठी हरीओमने पिंड मांडले आणि आम्ही सगळे पाठ फिरवून दूर बाभळीखाली बसलो, कावळ्याला माणसांची लाज वाटू नये म्हणून. कावळे होते. समोरच्या फांदीवर ओळीने. एकही उतरला नाही. तास झाला, दीड तास झाला. मृताचं काहीतरी मागे अडकलं आहे, असं म्हणतात. जिवंतांनी ते ओळखून शब्द द्यायचा असतो. हरीओमने विहिरीवरचं जांभळाचं झाड तोडणार नाही म्हणून कबूल केलं. मी लग्न करीन म्हणालो. चुलतभाऊ गोविंदाने बाजारातून जिलबी आणून ठेवली. कावळे पंख साफ करत राहिले. माझ्या मुंडण केलेल्या डोक्यावर ऊन एखाद्या तळहातासारखं होतं, आणि मी, आधुनिक कवितेचा पदवीधर, ब्राझीलशी बोलणारा, देवळात न जाणारा मी, मनातल्या मनात एका पाखराच्या पाया पडत होतो.

"मले समजलं त्याचं कशात अडकलं हाय," आत्या सांगत होती. "माह्या भावाचा आवाज तू पाच ठिकानी वाटून ठेवला. अर्ध्याच जिवानं मानूस जाईन कसा, सांग? त्याले रस्त्यात कोनी नाव इचारलं तं काय सांगीन? टाया वाजवीन? मी गोविंदाले गाडीवर घरी धाडलं."

"मी माही देल्ली," माय म्हणाली, "अन् त्यायची देल्ली. त्यायची पोथीत होती."

"अन् ही माही. तिन्ही पिंडाखाली सारल्या. पाच मिन्टात कावया आला. हरीओमले इचार."

हरीओम शेतातून आला होता, पायांना चिखल, दारात तसाच उभा. "आला," तो म्हणाला. "जिलबीले चोच नाही लावली, सीधा पिंडाले."

"मले काहून नाही सांगतलं, दादा?"

"तुले माहीत हाय असंच वाटलं. तू तं तिथीच बसेल होता. कावया शिवला तं तूच सगळ्यायपेक्षा जास्त रडला, हरिकानं."

रडलो होतो. ते खरं होतं. बाभळीखालून पंखांची फडफड ऐकली आणि छातीतून असं काही सुटलं की मी हरीओमच्या खांद्यावर डोकं ठेवून, लहानपणानंतर प्रथमच, मोठ्याने रडलो. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत निर्मळ घटका होती. मग पिंड नदीत सोडले, आणि त्यांच्यासोबत, हे आता कळलं, त्या चिठ्ठ्याही; पाण्याने त्यांची वर्तुळं पुसली, आणि आम्ही हलके होऊन घरी आलो.

"तुयी चिठ्ठी, दादा?"

"हाय ना. मोटारीच्या पेटीत, बटनामांगं. माही मांगतलीच नाही कोनी. तीनातच काम झालं."

पाचांतले तीन. कावळ्यालाही तेवढेच पुरले होते.

उरल्या दोन. मला मोठ्याने ओरडायचं होतं, पण ओरडायचं कोणावर? ज्यांनी माझ्यापेक्षा जास्त प्रेमाने तीच गोष्ट केली होती, त्यांच्यावर? मी बाबांचा आवाज जगापासून लपवला. त्यांनी तो बाबांना परत केला. माझ्या कृतीमागे भय होतं. त्यांच्या कृतीमागे काय होतं, याला माझ्या निवडलेल्या शब्दांच्या यादीत शब्द नव्हता. मी एवढंच म्हणालो की आता तो आवाज उघडणार नाही. कधीच नाही.

मायचे हात थांबले. "असं कसं? पेटी तं तुह्यापाशी हाय."

"पेटी हाय. चाबी नाही."

"चाबी हरपली तं कुलूपवाला नसते का? मले वाटलं, चाबी त्यायले देऊ, पेटी आपल्या घरी राह्यन. मालेगावात बसते ना तो, चौकात. त्याले बलाव."

"हे तसं कुलूप नाही माय. याले कुलूपवाला नसते."

"ज्यानं बनोलं त्याले इचार. तुया ब्राझीलवाल्याले."

"त्याले बी नाही उघडता येत."

मायने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती बाजारात सडकं वांगं पुढे करणाऱ्याकडे पाहते. "सोताले उघडता येत नाही असं कुलूप बनोते? त्याच्या घरी कोनी नाही का?"

नाही, मी मनात म्हणालो. त्याच्या घरी कोणी नाही.

तरीही त्याला लिहिलं. ओसरीच्या पायरीवर बसून, कावळ्यासकट सारं लिहिलं. त्याच्याकडे तेव्हा सकाळ होती, उत्तर तासाभरात आलं. त्याने धीर दिला नाही. तो खोटं बोलत नाही, हाच त्याच्या मैत्रीचा कडू भाग. त्याने गणित समजावलं. तीन चिठ्ठ्या म्हणजे सगळं. दोन चिठ्ठ्या म्हणजे सगळ्याचे दोन तृतीयांश नव्हेत. दोन म्हणजे शून्य. ज्याच्याकडे दोन आहेत त्याला, एकही नसलेल्याइतकंच ठाऊक असतं. इथेच या रचनेचं सौंदर्य आहे, असं त्याने लिहिलं होतं आणि पुढच्या ओळीत त्या शब्दाबद्दल क्षमा मागितली होती. बाबांच्या चिठ्ठीतले आणखी काही शब्द आठवतात का? मला दोन आठवत होते: वखर, आणि ते ताक. नऊपैकी दोन. पृथ्वीवरची सगळी यंत्रं जुंपली तरी बाकीचे सात सापडेपर्यंत सूर्य विझेल, असं त्याने हिशेब करून कळवलं. मग दोन कोऱ्या ओळी सोडून, प्रथमच गणिताबाहेरचं:

"तुमच्या कावळ्याविषयी मी तीनदा वाचलं. मी तुला म्हणालो होतो, एक आग लागली की संपलं. आग लागलीच नाही, हे मला समजून घ्यायला वेळ लागेल. माझे पाच तुकडे पाच देशांत सुखरूप आहेत. दर जानेवारीत मी सगळ्यांना विचारतो, सगळे हो म्हणतात. माझ्या तिजोरीत काय आहे, हे मात्र आजवर कोणी विचारलं नाही. तूही नाहीस."

खरं होतं. सात वर्षांत मी विचारलं नव्हतं. त्याची चिठ्ठी मालेगावच्या खोलीत एका कवितासंग्रहाच्या पानांत सुरक्षित होती, जशी सांगितली होती तशी, नक्कल न केलेली. मी उत्तराची खिडकी उघडली. बोटं कळांवर ठेवली. आता विचारणं म्हणजे त्याने सांगितल्यावर विचारणं होतं; आणि न विचारणं म्हणजे काय, हे त्याने लिहूनच ठेवलं होतं. अंगणात दादाने मोटार चालू केली, पाण्याचा पहिला ओबडधोबड खोकला पाइपातून आला, आणि माझं अंग पुन्हा एकदा वळलं. पाणीच होतं. मी ती खिडकी तशीच मिटली.

तो आवाज आणखी कुठे उरला असेल, ते मी आठवून पाहिलं. बाबांच्या लग्नाची चित्रफीत नव्हतीच. दादाच्या लग्नाची आहे. तिच्यात बाबा पाहुण्यांना मोठमोठ्याने काही सांगताना दिसतात, तोंड हलतं, आणि वर बँडचं गाणं वाजतं. त्यांच्या साध्या फोनमध्ये काही साठत नसे. माझ्या फोनवर जे होतं ते मीच, सल्ल्यानुसार, दोनदा पुसलं होतं.

दिवेलागण झाली. आत्याने बांधलेल्या जुड्यांवर ओलं फडकं टाकलं. मी चटईवर लॅपटॉप उघडून बसलो होतो, कारण तो मिटण्याचं मला काही कारण दिसत नव्हतं. हरीओमने आपली चिठ्ठी आणून माझ्या गुडघ्यापाशी ठेवली. प्लास्टिकला ग्रीसचा डाग, बाकी जशीच्या तशी. मग माय आली. माझ्या शेजारी बसली, आणि पडद्याच्या उजेडासमोर तिने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढला. बाबा बाजारातून ओसरीवर आले की ती असाच ओढायची.

"लाव," ती म्हणाली.

"माय, नाही लागत ते. सांगतलं ना."

"लाऊन तं पाह्य."

मी माझे नऊ शब्द भरले. मग हरीओमचे नऊ. उंबर, रेशीम, सगळे माझ्याच हातांनी एका पावसाळ्यात वेचलेले. पडद्यावर क्षणभर काही नव्हतं, आणि मग ते वाक्य उमटलं; सुबक अक्षरांत, माझंच.

मायला वाचता येत नाही. "काय म्हनते?" तिने विचारलं.

"अजून एक मानूस पायजे म्हनते."

ती थोडा वेळ त्या उजेडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग सरक ना थोडा," आणि स्वतःही चटईच्या कडेला सरकली. मी सरकलो. आमच्या दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा झाली. पडदा विझू नये म्हणून मी मधूनमधून एक कळ दाबत राहिलो.